पोरगी तापून राहिली

मला पाहायला आलेल्या मंडळींनी मला पाहण्याआधी ऐकलं, आणि त्यांच्यातला एक जण पळून गेला.

गोष्ट बासष्टच्या लढाईच्या आधीची. (माझ्या लग्नाच्याही आधीची, आमच्या घरी दोन्हींची आठवण एकाच सुरात काढतात.) नागपुरात महालात आम्ही तिघं राहायचो: आई, मी आणि काका. वडील लवकर गेले, त्यामुळे माझं लग्न जमवायचं ते काकांनी. आणि ते जमत नव्हतं, कारण माझा आवाज! परक्या माणसांसमोर तो घशातून बाहेरच यायचा नाही. दोन ठिकाणच्या मंडळींनी मला गायला बसवलं, कानामागे हात धरधरून ऐकलं आणि 'पोरगी मुकी आहे' म्हणून ती निघून गेली. तिसऱ्यांदा तेच झालं तर 'मुकी' हेच माझं नाव पडणार होतं. आई देव पाण्यात घालून बसली होती.

काकांकडे मात्र उपाय तयार होता. सीताबर्डीवर त्यांचा लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. धंदा म्हणजे एक भोंगा, एक माईक आणि एक अँप्लिफायर. हा अँप्लिफायर म्हणजे लोखंडी पेटी, आत काचेचे दिवे. तिच्यावर काकांचा इतका जीव, की तिला ते 'पोरगी' म्हणायचे. "पोरगीले ऊन लागू देऊ नका!" "काल पोरगी लग्नात काय बोलली!" (सख्ख्या पुतणीला मात्र नुसतं 'अवं'.)

"अवं, घाबरते काहून? तू आतल्या खोलीत बसून माईकात म्हण. भोंगा बैठकीत ठेवतो. मुंगीएवढं बोलली तरी वाघासारखं ऐकू येते!"

उमरेडची मंडळी भर वैशाखात दुपारी आली. मुलगा, त्याची आई आणि मामा. बाहेर डांबर वितळत होतं, म्हणून दारं-खिडक्यांना वाळ्याचे पडदे सोडलेले, आणि आतल्या खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. काकांनी माझ्या हातात माईक दिला, पेटीचं बटण दाबलं.

"पाच मिनिटं तापू दे. मंग म्हण. अन् हात नको लावू, झटका बसते!"

एवढं बोलून ते पाहुण्यांकडे गेले. मी, अंधार आणि पोरगी.

पेटी आधी गप्प होती. मग आतून आवाज आला, टक्. मी दचकले. पुन्हा टक्. टक्-टक्. कुणीतरी आतून नखानं पत्रा वाजवत होतं! फटींतून लालसर उजेड दिसू लागला, जळक्या धुळीचा वास आला. मग सुरू झालं गुरगुरणं. गुर्रर्रऽऽ! ओरडावं तर आवाज नव्हता (तो तर मुळातच नव्हता). मी माईक छातीशी घट्ट धरून नुसती धापा टाकत बसले.

आणि माझी प्रत्येक धाप बैठकीतल्या भोंग्यातून बाहेर पडत होती. हुप्फ! हुप्फ! हुप्फ!

बैठकीत पोह्याचा घास मामांच्या तोंडाशीच थांबला. पडद्याआडून आईनं सगळं पाहिलं, म्हणून पुढचा संवाद शब्दन् शब्द खरा आहे.

"काय जी," मामांनी हळूच विचारलं, "पोरगी आत काय करून राहिली?"

काकांचा जीव पेटीत. ते कौतुकानं म्हणाले, "तापून राहिली जी!"

"काहून? आमचं काही चुकलं काय?"

"नाही जी, रोजचंच आहे. पहिले कडकडते, मंग गुरगुरते. एकदा तापली का मंग सारी गल्ली ऐकते!"

मामांनी बशी खाली ठेवली. मुलाकडे पाहिलं. मुलगा पांढराफटक पडला होता. तरी रीत म्हणून मामांनी विचारलंच, "याच्या आधी कुठी दाखवली होती काय?"

"दाखवली? दोन घरी राहून आली जी! दोघांनीही आठ दिवसांत वापस केली. म्हणे आवाज सहन होत नाही!"

पडद्याआड आई मटकन खाली बसली. दोन ठिकाणचे नकार! काकांनी घरचं गुपित फोडलं, वर आठ दिवस नांदवूनही आणलं!

"आता पाहा," काका उत्साहानं म्हणाले, "आता ते शिट्टी मारते!"

नेमकं तेव्हाच पेटीत काहीतरी फाड्कन वाजलं. माझा धीर संपला. केस सुटलेले, पदर पडलेला, हातात माईक, मागे लांबलचक वायर, अशी मी पडदा फाडून थेट भोंग्यासमोर येऊन उभी राहिले. माईक भोंग्यासमोर आल्यावर काय होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

कुंईईईईईई!

मामा दिसेनासे झाले. पोह्याची बशी मात्र तिथेच गरगरत होती. काकांनी धावत जाऊन बटण बंद केलं.

मुलगा जागेवरच उभा होता. थरथरत होता, पण उभा होता. मला वाटलं, काय धीराचा माणूस!

"अवो, काही नाही," काका त्याला समजावू लागले. "थंडी असते तवा मुकी असते. दिवे तापले का पत्रा फुगते, दुपारी टिनाचं छप्पर कडकडते ना, तसं! मंग गुणगुणते, मंग बोलते."

"म्हणजे... पोरगी?"

"पोरगी हे!" काकांनी पेटीवर थाप मारली.

"अन् या?"

"ते पुतणी हाय."

एवढ्यात मुलाची आई खुर्चीत सावरून बसली. बाई कानानं अगदी कमी. इतका वेळ एकट्या त्याच शांतपणे पोहे खात होत्या. माझ्याकडे पाहून त्यांचे डोळे भरून आले.

"दोन वर्षांपासून पोरी पाहून राहिलो बापा! एकीचाही आवाज मले ऐकू आला नाही. मले हेच सून पाहिजे!"

तर असं लग्न ठरलं. मी बरीच वर्षं यांच्या धीराचं कौतुक करत होते. मग एकदा यांनीच सांगून टाकलं, "पळणारच होतो वं. पण मामा माझ्या चपला घालून पळाले. वैशाखातल्या सडकेवर अनवाणी कुठी जाऊ?"

आता वय झालं. सकाळी उठले की आधी माझे गुडघे टक्-टक् वाजतात, मग घसा खरखरतो, मग मी गुरगुरते. हे चहाचा कप घेऊन दारातच थांबतात. नातवानं विचारलं, "आबा, आत काहून नाही जाऊन राहिले?" तर आधी पायात चपला आहेत ना, ते पाहतात आणि म्हणतात, "थांब गा पाच मिनिटं. पोरगी तापून राहिली."