तळमजल्याखालचा ओढा

तुम्ही ज्या फरशीवर झोपता, तिच्याखालून पूर्वी पाणी वाहत होतं का? घर घेताना हा प्रश्न तुम्ही कोणाला विचारलात?

माझ्या मावसबहिणीने विचारला नाही. नोकरीसाठी नागपूरहून बंगळुरूला आलेली ही ताई येलहंकाच्या पलीकडे एका नव्या इमारतीत, तळमजल्यावर राहायला गेली. कडेवर तान्ही मुलगी. वास्तुशांतीच्या दिवशी मी तिच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरची वाकडी चिंच मी ओळखली. आम्ही सगळे ओढ्याच्या पात्रात बसून जेवत होतो.

माझ्या लहानपणी वडिलांच्या कारखान्याची क्वार्टर्स तिथून जवळच होती. वरच्या तळ्याचं जादा पाणी खालच्या तळ्यात नेणारा तो ओढा. काठाला नाचणीची शेतं, उन्हाळ्यात पात्रात शेळ्या. वरचं तळं भरून वाहणार असं दिसलं की गावात तमटे वाजे, आपल्या हलगीसारखं. ते ऐकलं की खालचे लोक गुरं घेऊन वर चढत. ही रीत आम्हा क्वार्टर्सवाल्यांना कोणी सांगितली नव्हती. आम्हीही कधी विचारली नव्हती.

आमच्याकडे खड्यांच्या गौरी. कुमारिकेने तोंडात पाणी धरून, न बोलता, मागे न पाहता खडे घरी आणायचे. त्या वर्षी तो मान माझा होता. आई पात्रात वाकून खडे वेचत होती. मी काठावर ताम्हन धरून उभी, गाल फुगलेले. तेवढ्यात गावाकडून तमटे कडाडलं.

"गणपती निघालेले दिसतात," आई म्हणाली. "किती जोरात वाजवतायत बघ!"

मी मान डोलावली.

आधी कुजक्या पाल्याचा वास आला. मग वळणावर पाणी दिसलं. तपकिरी, फांद्या लोटत येणारं, आणि आश्चर्य म्हणजे फारसा आवाज न करणारं. आईची पाठ तिकडे होती. तोंड उघडलंस तर गौरी रुसेल, असं मला बजावलेलं. शेवटी मी चूळ थुंकून किंचाळले.

आम्हाला पालेभाजी विकणारी अक्का शेतातून धावत आली. "बेग बा! नीरु बंतु!" लवकर ये, पाणी आलं, असं ती कन्नडमध्ये ओरडत होती. तिने उतरून आईचा दंड धरला आणि ओढलं. पाणी तोवर आईच्या कमरेला लागलं होतं. वर आल्यावर अक्का धापा टाकत बरसली, "एवढं तमटे वाजतंय, कान घरी ठेवून आलात काय?"

"अक्का, आम्हाला वाटलं मिरवणूक आहे," आई म्हणाली.

अक्काने कपाळावर हात मारला. "मिरवणूकच ती! पुढे फक्त तुम्ही दोघी!"

पुढे शेतं विकली गेली. ओढा सिमेंटच्या नाल्यात कोंबला, मग नालाही बाजूला वळवला. तमटे वाजवणारं कोणी उरलं नाही. ज्यांनी पात्र बुजवून खोल्या विकल्या, त्यांना खाली काय आहे हे पक्कं ठाऊक होतं. याला चूक म्हणायला मी तयार नाही. हा धंदा आहे.

हे मी ताईला त्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "अगं, ओढा कुठाय? दाखव ना!" तळी-ओढ्यांसाठी मी पत्रकं काढते, त्यावरून भावोजी हसले, "झालं! बाईसाहेबांचं पुढचं पत्रक आमच्या बाथरूमवर!"

मागच्या आठवड्यात पाऊस झाला आणि ताईचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "बाथरूमच्या जाळीतून पाणी वर येतंय गं. गढूळ. पाळणा कुठे ठेवू?"

"वरच्यांकडे जा," मी ओरडले.

"कोणाकडे? मी कोणालाच ओळखत नाही."

ती मुलीला उराशी धरून जिन्यात बसून राहिली. पाणी उंबऱ्याशी थांबलं. पुढच्या वेळी थांबेलच असं नाही, आणि कर्ज डोक्यावर असताना घर सोडून ती जाणार कुठे? ती इमारत पाडायला मी लढेन. पण पाऊस तोवर थांबणार नाही.

म्हणून तुम्ही वरच्या मजल्यावर राहत असाल, तर आज खाली उतरा. तळमजल्याची बेल वाजवा, नाव विचारा, आणि सांगा की पाणी आलं तर कोणत्याही वेळी मुलांना घेऊन आमच्याकडे या.