पद्माकररावांचा उजवा हात

जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात बेअरिंग तपासायला महागडी यंत्रं होती, तरी अडलं की बोलावणं पद्माकररावांनाच जायचं. सांगलीत वडिलांच्या पिठाच्या गिरणीत शिकलेली विद्या. उजवा तळवा यंत्रावर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि दुखणं कुठे आहे ते सांगायचं. बावीस वर्षांत आपण एकदाही चुकलो नाही, हे ते चारचौघांत स्वतःच सांगत. शुभाताई, त्यांच्या पत्नी, तेव्हा ताटात बघत बसायच्या.

२००७च्या ऑगस्टमध्ये दोघं नॉर्वेला गेली. डोंगरांच्या सांदीत शिरलेला समुद्र, त्याच्या टोकाला पंचवीस घरांचं गाव. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. प्रत्येक भिंतीवर, खिडक्यांच्याही वर, एक लाल रेघ मारलेली. घरमालकीण इंगेबोर्गबाईंना जर्मन येत होतं. समोरच्या डोंगराला भेग पडली आहे, तो पाण्यात कोसळला की लाट त्या रेघेपर्यंत चढेल, भोंगा वाजला की सामान टाकून वरच्या चर्चकडे पळायचं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं, जणू जेवणाची वेळ सांगत होत्या.

पद्माकरराव लगेच परसातल्या कातळापाशी गेले आणि तळवा टेकवला. कातळ थरथरत होता. बारीक, संथ, न थांबणारी थरथर. घराच्या भिंतीला हात लावला, तीही तशीच थरथरत होती, कुंपणाचा खांबही.

बॅगा भरायला सांगून ते तडक डोंगराची हालचाल मोजणाऱ्या यंत्रांच्या खोपटात गेले. शुभाताई मागोमाग. तिथल्या मुलीने कागद दाखवला. त्यावर यंत्राने काढलेली रेघ सरळ होती, आठवडाभरात डोंगर हललाच नव्हता. पद्माकरराव चिडले, तुमची यंत्रं तपासून घ्या म्हणाले, आणि बाहेरच्या खडकावर पुन्हा हात ठेवून उभे राहिले. पुन्हा तीच थरथर.

शुभाताईंनी त्यांचा डावा हात धरून शेजारी टेकवला.

"अहो, आता सांगा."

डाव्या तळव्याखाली खडक गार होता. निपचित.

"मार्चपासून मी तुमचा चहाचा कप अर्धाच भरतेय," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हाला कळलं नाही."

पद्माकररावांनी उजवा हात उचलला. हवेतही तो तसाच थरथरत होता. खाली गाव होतं, इंगेबोर्गबाई दोरीवर चादरी वाळत घालत होत्या. त्यांच्याकडे बघताना पद्माकररावांना स्वतःचीच भीती वाटली. कारण क्षणभर त्यांना अगदी मनापासून वाटून गेलं होतं, की डोंगरच हलत असता तर बरं झालं असतं.