सीतादहीच्या गोळ्या

माझी सून फवारणीच्या विषानं गेली, असं गावात आजही सांगतात. ते मीच पसरवलं. ते खोटं आहे.

बीटी कापसाला अळी लागत नाही असं सांगून बियाणं विकलं होतं. त्या वर्षी अळीनं बोंडं पोखरली आणि मुलगा सारखा पंप पाठीवर घेऊन फवारत होता. पहिल्या वेचणीआधी घरच्या बाईनं शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, ही आमची सीतादही. माझी बायको वारलेली, म्हणून मान सुनेचा. तिनं खाली बघत सांगितलं, "मामाजी, त्या दिवशी माही अडचण येते. शेजारच्या काकूले करू द्या ना."

"घरची सून असताना? लोक काय म्हणतीन?"

दुसरबीडच्या मेडिकलमधून मी पाळी लांबवायच्या गोळ्या आणल्या. चिठ्ठी कोणी मागितली नाही. दुकानदार हसून म्हणाला, "काकाजी, देवाचं काम लवकर उरका बरं."

उरकलं नाही. पाऊस आला, कापूस भिजला, सीतादही पुढं गेली. मी दुसरं पाकीट आणलं.

सून लंगडायला लागली. "पोटरी लय दुखून राह्यली, मामाजी. बाळंतपणात असाच पाय सुजला होता. तवा डॉक्टरनं रक्ताची गाठ सांगतली होती."

"काऊन वं, वेचणीचा आतापासूनच कंटाळा आला काय?" मी थट्टा केली.

सीतादही झाली. दोन दिवसांनी अंगण झाडताना तिला श्वास पुरेना. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काही गोळ्या चालू होत्या?" मुलगा केसपेपर काढायला गेला होता. सासऱ्यानं सुनेच्या पाळीचं कसं बोलावं? मी म्हणालो, "नाही. काल फवारणीचं पाणी वाहत होती."

त्यांनी विषावरचा इलाज केला. संध्याकाळी ती गेली. मग सुजलेला पाय पाहून डॉक्टर मला एकट्याला म्हणाले, "रक्ताची गाठ फुप्फुसात गेली असावी. पाळीच्या गोळ्यांनीही अशी गाठ होऊ शकते, म्हणून विचारलं होतं. हा पाय आधी का नाही दाखवला?"

मुलानं पंप विहिरीत फेकला. "म्याच मारलं ना तिले, बाबा," असं तो इतकी वर्षं म्हणत राहिला आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

गेल्या महिन्यात हे सगळं त्याला सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, "पायाचं तिनं तुमाले सांगतलं होतं?"

"हो."

तो उठून गेला. तेव्हापासून नात माझं ताट ओसरीवर आणून ठेवते. आत तो जेवतो. मला बोलवत नाही, आणि मीही जात नाही.