हरणीच्या मागावर

ऑकलंडहून येऊन दक्षिण बेटावरच्या एका लहान गावात मी तीन आठवडे बदली फार्मासिस्ट म्हणून होतो. तिथे रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येणारा एक म्हातारा शिकारी मला एका शनिवारी हरणाच्या मागावर घेऊन गेला.

हिवाळा सरत आला होता, पण डोंगरावर अजून बर्फ होता. प्रत्येक ठशापाशी तो गुडघा टेकायचा, हातमोजा काढायचा आणि ठशाची कड बोटाने दाबून बघायचा.

"मऊ आहे. आत्ताच गेलीय."

दोन तासांनी समोरच्या उतारावर हरणी दिसली. त्याने बंदूक खांद्याला लावली, बराच वेळ नेम धरला आणि मग हळूच खाली घेतली.

"का हो?" मी विचारलं.

"एवढं मांस खायला आता घरी आहे कोण?"

"मग येता कशाला?"

"आपल्याआधी इथून कोणीतरी गेलंय, हे बघून बरं वाटतं."

आम्ही परतलो. गाडीपाशी बुटांवरचा बर्फ झटकत त्याने विचारलं, "पुढच्या शनिवारी येशील ना?"

दुसऱ्याच दिवशी माझं ऑकलंडचं विमान होतं. तिथल्या हिल्सबरो उपनगरातल्या माझ्या घरीही वाट बघणारं कोणी नव्हतं. त्याच्याकडे न बघता मी "हो" म्हणालो.