रज्जाकचाचांची खोटी नंबर प्लेट

“अब्बा गेले,” रज्जाकचाचांचा मुलगा सलीम फोनवर म्हणाला, “तुमच्यासाठी कारब्युरेटर ठिवलाय त्यांनी. येऊन घेऊन जावा.” मी पुण्याच्या प्रयोगशाळेत उभी होते. रडावं की हसावं कळेना... रज्जाकचाचांनी आयुष्यभर माझी हीच पंचाईत केली.

कापूरहोळला, भोरचा रस्ता हायवे सोडून वळतो तिथं, त्यांचं गॅरेज होतं. पुढं जीप आणि टेम्पो, मागच्या पत्र्याखाली नागिणीचे पेशंट. अंगावर नागीण उठली की पार मार्गासनीपासून माणसं त्यांच्याकडं येत. चाचा फोडांच्या दोन्ही टोकांना गेरूची रेघ मारत, कारण नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस संपला, असं सगळे मानत. हा हात त्यांना वडिलांकडून आला होता. माझी नोकरी नेमकी नागिणीच्याच विषाणूवरची. त्यामुळं माझ्या वडिलांची जीप त्यांच्या गॅरेजात खोलून पडली होती तेव्हा मी चाचांना शहाणपण शिकवायला गेले. म्हटलं, हा लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या होतात, पण तो जात नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी गुपचूप पडून राहतो आणि वय होऊन ताकद उतरली की बाहेर पडतो. शरीरातली प्रत्येक पेशी आपल्या आत काय चाललंय त्याचे नमुने बाहेर टांगते, गस्तीवरच्या पेशी ते तपासतात. हा आत शिरला की ते टांगणंच बंद पाडतो.

चाचांनी पाना खाली ठेवला. “म्हंजी नंबर प्लेट काढून गाडी पळवायची. आन पोलिस काय झोपल्यात व्हय?”

“नाही ना! दुसरेही पोलिस असतात. प्लेटच नाही असं दिसलं की ते त्या पेशीला मारतात. म्हणून ह्याच घराण्यातला एक विषाणू पेशीवर खोटी प्लेट लावतो.”

“लई हरामी हाय,” चाचा कौतुकानं म्हणाले आणि पुढच्या पेशंटला रेघ मारायला उठले. मला राग आला. खराखुरा राग आला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा चाचांच्या स्वतःच्या कपाळावर नागीण उठली, उजव्या डोळ्याच्या अगदी वर. स्वतःची रेघ स्वतःला चालत नाही, म्हणून चाचीनं मारली. तिची रेघ नाकावरून थेट मिशीत गेली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, “बाय, डोळा लई ठणकतोय.” गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुरू व्हायला हव्यात, नाहीतर डोळा जाईल, उद्या सकाळी पुण्याला या, असं मी बजावलं.

“आन कुनी बघितलं तर? नागीणवाला डाक्टरच्या दारात?”

मी सकाळपासून पुण्याच्या स्टँडवर थांबले, चाचा आलेच नाहीत. दुपारी फोनवर कळलं ते असं. कापूरहोळला कुणी पाहू नये म्हणून ते पहाटे टेम्पोनं उलटे भोरला गेले आणि सबंध तोंडाला टॉवेल गुंडाळून तिथून पुण्याच्या एसटीत बसले. ती एसटी कापूरहोळलाच येऊन थांबली! ऐन उन्हाळ्यात तोंड बांधलेला माणूस बघून सगळी गाडी त्यांच्याकडं वळली. कंडक्टर म्हणाला, “तोंड दावा.” चाचा म्हणाले, “दाढ दुखतीया.” तो म्हणाला, “दाढ कपाळात हाय व्हय?” टॉवेलला हात लागायच्या आत चाचा उतरून घरी पळाले होते.

“बिनप्लेटची गाडी धरतातच,” मी ओरडले. “खोटी लावा, काहीही करा, पण उद्या या!”

दुसऱ्या दिवशी ते आले. डोळ्यावर वेल्डिंगचा काळा चष्मा, कपाळावर ओढलेली टोपी आणि मांडीवर एक जुना, काळाकुट्ट कारब्युरेटर. कापूरहोळला चारजण गाडीत चढून त्यांच्याशी बोलले होते, पण सगळे कारब्युरेटरबद्दल! मेकॅनिक स्पेअर आणायला निघालाय, एवढंच सगळ्यांनी पाहिलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात. गोळ्या दिवसातून पाच वेळा होत्या. नमाजही पाच वेळा, त्यामुळं एकही चुकली नाही. पुढच्या सगळ्या फेऱ्यांना कारब्युरेटर सोबत असायचाच.

डोळा वाचला, पण रेघ काही थांबली नाही. फक्त आता रेघ मारून झाली की चाचा पेशंटच्या कानाशी लागत, “आजच्या आज भोरला जाऊन डाक्टरची गोळी चालू केल्याबिगर ह्या रेघंला गुण न्हाई.” मी चिडून म्हटलं, मग रेघ मारताच कशाला?

“रेघ न्हाई मारली तर मानूस माझ्याकडं येईल का? आन माझ्याकडं आलाच न्हाई तर त्याला तिकडं कोन धाडंल?”

मी गेरूची वाटी उचलून त्यांच्या हातात दिली.

परवा कापूरहोळला जाऊन आले. पत्र्याखालची खुर्ची तिथंच होती, गेरूची वाटी वाळून तडकली होती... सलीमनं कारब्युरेटर पेपरात गुंडाळून हातात दिला. येताना एसटीत पेपर सोडून तो मांडीवर घेऊन बसले आणि कापूरहोळ मागं पडताच डोळे घळाघळा वाहायला लागले, काही केल्या थांबेनात.

कंडक्टर आला. “काय ताई, गाडी बिघडली का?”

“व्हय,” मी म्हणाले. “कारब्युरेटर.”

“तो लई ताप देतो,” असं म्हणत त्यानं तिकीट फाडलं आणि पुढं गेला. माझ्या तोंडाकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.