एरंडेलाचा धूर आणि लाँड्रीच्या काकू

सोमवारी सकाळी लाँड्रीचं शटर वर गेलं की काकू आधी गठ्ठे हुंगत. गिऱ्हाईक डागाबद्दल कधी खरं बोलत नाही, हे सासऱ्यांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. चहा सांडला म्हणतात आणि निघते शाई. डाग कशाचा हे कळल्याशिवाय तो जात नाही, म्हणून आधी नाक आणि मग साबण. सासऱ्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. "कपड्यातलं कपड्यात ठेवायचं. आपण धुणारी माणसं, पंचनामा करणारी नव्हे."

काकूंना सगळेच काकू म्हणत, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे पेन्शनरसुद्धा. लग्न होऊन आल्या त्याच महिन्यात त्यांच्या हाती एक पँट आली. धुऊन वाळलेली, दिसायला स्वच्छ. पण गरम इस्त्री फिरली मात्र, कापडातून असा काही गोडसर, करपट, तेलकट वास उठला, की जणू औषधाच्या बाटलीला कोणी काडी लावली होती. नवी नवरी तोंडाला पदर लावून मागच्या मोरीकडे धावली. घरात भलताच आनंद झाला. सासऱ्यांनी तो लगेच मोडून काढला. "काही गोड बातमी नाही. विमानवाल्यांची पँट आहे."

शहराबाहेर जुन्या वीटभट्टीचं मैदान होतं. तिथे दर रविवारी मोठमोठी माणसं छोटी छोटी विमानं उडवत. विमानाचं इंजिन मुठीएवढं, पण खरंखुरं. स्पिरिटमध्ये एरंडेल मिसळून ते पाजलं की कानठळ्या बसवत फिरायचं आणि जळकं तेल धन्याच्याच अंगावर थुंकायचं. या विमानांना कोणी खेळणी म्हटलं की विमानवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत.

तीस वर्षांत काकूंनी एकही विमान उडताना पाहिलं नव्हतं. रविवारी त्यांना आठवड्याची झोप असे. पण शहरातलं एकूण एक इंजिन त्या ओळखून होत्या. गणिताचे मास्तर एरंडेल सढळ हातानं घालत. त्यांच्या बाह्या मधासारख्या चिकट. दातांचे डॉक्टर डिझेलवर उडवत. त्या डिझेलात ईथर आणि रॉकेल, त्यामुळे त्यांचा शर्ट ऑपरेशनच्या खोलीत कंदील फुटल्यासारखा घमघमे. वास दवाखान्याचा असणार असं त्यांच्या बायकोला वीस वर्षं वाटत होतं, आणि डॉक्टरांनी तो समज जपला होता.

आणि क्लबचे अध्यक्ष. त्यांचं पांढरं शुभ्र जाकीट, खिशावर सोनेरी धाग्यात भरलेलं विमान. दर सोमवारी ते स्वतः जाकीट घेऊन येत आणि काउंटरवर कोपर टेकून उभे राहत.

"काय सांगू काकू! काल वारा असा आडवा, पण आपलं इंजिन म्हणजे इंजिन. चार गिरक्या मारल्या."

"खळ जास्त की बेताची?" काकू विचारत.

जाकिटाला डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. फक्त डांबराच्या गोळ्यांचा. बारा वर्षं.

काउंटरवर चिठ्ठ्या लावणारी धाकटी जाऊ एकदा म्हणाली, "ताई, हा माणूस उडवतो तरी काय?"

"जीभ," काकू म्हणाल्या, आणि नियम मोडला म्हणून दिवसभर स्वतःवर चिडल्या.

मैदानाच्या कडेला पाच मजली इमारत उभी राहिली तेव्हा भानगड सुरू झाली. इमारतीच्या चिटणीसबाई कडक. जिन्यात चप्पल वाजली तरी नोटीस लावणाऱ्या. त्यांनी नगरपालिकेकडे तक्रार केली, की विमानांच्या धुराचा वास घरात शिरतो, खिडक्या बंद केल्या तरी शिरतो, इतकंच काय तो कपाटात जाऊन बसतो. त्यांनी कपाट तीनदा धुतलं, कापूर ठेवला, कागद बदलले. वास हटेना. सबब, मैदान बंद करावं.

क्लबची तातडीची सभा भरली. अध्यक्ष पावणेदोन तास बोलले. विमानविद्येचं भवितव्य, तरुण पिढी, मोकळं आकाश. नुसतं एरंडाचं गुऱ्हाळ. शेवटी नगरपालिकेनंच तोडगा काढला आणि समिती नेमली. तिचं नाव गंध परीक्षण समिती. क्लबचे तीन, इमारतीचे तीन, आणि एक तटस्थ नाक. इमारतवाल्यांना क्लबचं नाक नको, क्लबला इमारतीचं नको. दोघांचेही कपडे जिथे जातात असं एकच ठिकाण निघालं.

अध्यक्ष स्वतः आमंत्रण घेऊन आले. "काकू, आज शहराला तुमच्या नाकाची गरज आहे."

"शहराला सांगा, रविवारी ते झोपलेलं असतं."

"असं कसं! हा विज्ञानाचा प्रश्न आहे."

काकू नाहीच म्हणणार होत्या. पण जावेनं मागून कोपरानं ढोसलं. "जा ना ताई. तीस वर्षं त्यांची घाण धुतलीत, एकदा घाण करताना तरी बघून या."

रविवारी मैदानात एक खुर्ची मांडली होती. चिटणीसबाईंच्या आग्रहानं काकूंच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला, म्हणजे ओळखीपाळखीचा प्रश्न नको. त्यामुळे एवढ्या लांब येऊनही काकूंना विमान दिसलं नाही ते नाहीच. लाकडी बाकावर एकेक इंजिन घट्ट आवळायचं, मास्तरांनी पंख्याला बोटानं झटका द्यायचा, आणि काकूंनी वास ओळखायचा, असं ठरलं.

पहिलं इंजिन किंचाळलं. काकूंनी हुंगलं.

"मास्तरांचं. पण इंधनाची सुई फार आवळलीय. तेल करपतंय, इंजिन तापेल."

मास्तरांनी सुई अर्धा आटा सैल केली. किंचाळणं थांबलं आणि इंजिन मजेत गुणगुणायला लागलं. क्लबच्या सेक्रेटरीनं हे 'गुणगुणणे' म्हणून टिपून घेतलं.

"डॉक्टर," काकू दुसऱ्याला म्हणाल्या. "यावेळी ईथर जुनं आहे. उडून चाललंय."

टाळ्या पडल्या. तीस वर्षं जो वास शिळा आणि थंड घेतला होता तो ताजा असा असतो, हे काकूंना नवलाचं वाटलं. मळमळ तर नव्हतीच. उलट कोणीतरी चुलीवर गोड, चमत्कारिक काहीतरी चढवलंय आणि ते आपल्याला आवडतंय, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या जरा पुढे सरकून बसल्या.

सगळी इंजिनं झाली. आता अध्यक्षांचं. "उशीर झालाय, माझं राहू द्या," असं अध्यक्ष दोनदा म्हणाले, आणि आदरापोटी कोणीच ऐकलं नाही. सेक्रेटरीनं मखमली पेटीतून त्यांचं इंजिन काढलं. मास्तरांनी झटका दिला.

काकूंनी लांब श्वास घेतला. परत घेतला. कपाळाला आठी पडली.

"हे कुठलं? हा वास माझ्याकडे कधी आलेला नाही." त्या थांबल्या. "याच्यात जुनं जळकं असं काहीच नाही. गंजू नये म्हणून कारखान्यात तेल लावतात ना, ते आत्ता जळतंय. हे इंजिन आज पहिल्यांदा चाललंय. कुणी नवीन मेंबर आलेत का?"

यावेळी टाळ्या पडल्या नाहीत. काकूंनी टॉवेल वर केला, समोर पांढरं जाकीट पाहिलं, आणि पुन्हा खाली ओढला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. अध्यक्षांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं, आणि त्या मैदानात ते एरंडेल चाखायची त्यांची ती पहिलीच वेळ होती.

चिटणीसबाईंना क्लबच्या अब्रूत रस नव्हता. त्यांनी काकूंना दंडाला धरून तिसऱ्या मजल्यावर नेलं. समिती मागोमाग. "आता या कपाटाचा वास घ्या आणि लिहून द्या."

कपाट उघडलं. मागे चिटणीसबाईंचे यजमान उभे होते. मितभाषी, पतपेढीत नोकरीला. काकूंना कपाट हुंगायची गरज नव्हती. हे यजमान दर सोमवारी ऑफिसला जाताना वाकडी वाट करून, कागदाच्या पिशवीत एक शर्ट आणून देत. "रविवारी सायकल फिरवतो ना, साखळीचं तेल लागलंय," असं म्हणत. सायकलच्या साखळीला एरंडेल कोणी घालत नाही. आणि एकदा मुरलेलं एरंडेल साबणाला पुरतं दाद देत नाही. वास थोडा तरी उरतोच.

यजमानांनी काकूंकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"बाई," काकू सावकाश म्हणाल्या, "समितीनं मला विचारलंय, वास खिडकीतून येतो का. खिडकीतून येत नाही."

"मग कुठून येतो?"

"ते समितीनं विचारलेलं नाही."

चिटणीसबाई कडक होत्या, पण बुद्धीनं मंद नव्हत्या. त्यांनी काकूंकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मग हात घालून कपाटातून तळाचा शर्ट ओढला आणि नाकाला लावला. समितीचे सहाही जण छत बघायला लागले.

"किती दिवस चाललंय हे?"

"चार वर्षं," यजमान म्हणाले.

"मैदान बंद करा या अर्जावर तुमची सही आहे."

"तू सही करा म्हणालीस."

"आणि मी कपाट घासत होते, तेव्हा कापराच्या वड्या कोण आणून देत होतं?"

काकू जिना उतरायला लागल्या. वर दार लागलं, आणि मग बराच वेळ फक्त एकाच माणसाचा आवाज येत राहिला.

समितीचा अहवाल एकमतानं आला. परिसरात वास आढळतो. तथापि तो परका नाही. तक्रार निकालात निघाली. चिटणीसबाईंनी नवऱ्याला परवानगी दिली, पण अशी की रविवारी मैदानात त्याही खुर्ची टाकून बसणार आणि साडेदहाला उठवणार. पुढे पुढे त्या अकरापर्यंत बसायला लागल्या. कोणाचं विमान नीट उतरलं नाही हे त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत.

अध्यक्षांनी राजीनामा दिला नाही. तसा रिवाजही कुठे नाही. उलट क्लबनं परीक्षा पार केल्याबद्दल त्यांचाच सत्कार झाला. ओसाड गावी एरंड बळी. मात्र सत्काराच्या दुसऱ्या दिवशी जाकीट आलं ते बाह्यांपासून खिशापर्यंत तेलानं माखलेलं.

"काल काय सांगू काकू, इंजिनानं अक्षरशः आंघोळ घातली!"

काकूंनी जाकीट उचललं. जावेला म्हणाल्या, "आतून गरम पाणी आण गं." ती आत गेल्यावर त्या हळूच बोलल्या, "साहेब, हे जळलेलं नाही. हे बाटलीतलं आहे. औषधाच्या दुकानातलं."

अध्यक्षांचा कोपर काउंटरवरून खाली आला. मग त्यांनी उजवा हात पुढे केला. पहिल्या बोटावर आडवा, पांढरा, जुना व्रण होता.

"अठरा वर्षांचा होतो. पंख्यानं कापलं, हाड दिसत होतं. त्यानंतर हात लावायची हिंमत झाली नाही. सोडवतही नाही. मग अध्यक्ष झालो."

काकूंना हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. इस्त्रीचे डाग त्यांच्याही मनगटावर होते; पण त्यांना इस्त्री सोडायची सोयच नव्हती.

"मास्तरांचं विमान सुरू करताना शेपूट कोण धरतं?" त्यांनी विचारलं.

"कोणी मिळालं तर धरतं. नाहीतर ते गुडघ्यात दाबतात."

"तुम्ही धरा. पंखा पुढे असतो. मागे नुसतं तेल उडतं."

अध्यक्ष गेले. दोन सोमवार ते आलेच नाहीत. तिसऱ्या सोमवारी जावेनं जाकीट उलगडलं आणि नाक मुरडलं. पोटावर जळक्या तेलाचे शिंतोडे, बाही चिकट, कोपरांना मैदानाची लाल माती. अध्यक्ष सांगत होते, "काल आम्ही उडवलं," आणि 'आम्ही' या शब्दावर त्यांचा आवाज जरा चढत होता. चार गिरक्यांचं नाव त्यांनी काढलं नाही. विमान झाडात अडकलं होतं म्हणे, आणि ते काढायला ते स्वतः चढले होते.

ते गेल्यावर जावेनं छातीवरचा तपकिरी ठिपका बोटानं खरवडला. "ताई, हा तर पक्का बसलाय. भिजत घालू?"

काकूंनी जाकीट हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि परत दिलं.

"घाल. पण फार घासू नकोस."