नववं मत

"शुक्रवार काय लांब न्हाय आता."

स्वयंपाकघरातून म्हातारीचा आवाज आला. शेजारणीला ती हे इतकं सहज म्हणाली, की बाहेर सोप्यात तिच्या मुलाचा जबाब लिहिताना माझा पेन थांबला. तिची सून आदल्या दिवसापासून बेपत्ता होती. मुलगा माझ्यासमोर घाम पुसत सांगत होता, "पळवलीय मॅडम तिला. विरोधी गटानं पळवलीय." आणि आत त्याची आई शुक्रवारची वाट बघत होती.

बंदोबस्तातल्या अपघातानंतर वैद्यकीय कारणावरून मला लवकर निवृत्त व्हावं लागलं. त्यामुळे माझ्या पदरी केसेस थोड्याच आहेत. पण ही केस अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. नावं सांगत नाही. गाव माळशिरस तालुक्यातलं, उसाच्या पट्ट्यातलं, एवढं पुरे.

मी तेव्हा नवी उपनिरीक्षक होते. सोलापूर शहरात वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली. मनात मराठी वाक्य जुळेपर्यंत समोरच्याचं बोलणं पुढे गेलेलं असायचं. म्हणून ठाण्यात मी बोलायची कमी आणि लिहायची जास्त.

प्रकरण ग्रामपंचायतीचं होतं. उपसरपंचाची जागा रिकामी झाली होती आणि निवडीची सभा शुक्रवारी होती. मतं नऊ. चार एका गटाची, चार दुसऱ्या गटाची, आणि नववं मत या बेपत्ता बाईंचं. महिला राखीव जागेवरून त्या निवडून आल्या होत्या, पण गावात 'मेंबर' म्हणून हाक मारली जायची ती त्यांच्या नवऱ्याला. बाईंनी सही करायची, बोलायचं मेंबरनी. त्यांचं मत मेंबरनी पहिल्या गटाच्या बागायतदार पुढाऱ्याला परस्पर देऊनही टाकलं होतं.

अशा निवडीआधी सदस्यांना गाडीत घालून देवदर्शनाला न्यायचं, त्यांचे फोन काढून घ्यायचे आणि सभेच्या दिवशी थेट पंचायतीच्या दारात उतरवायचं, हा आमच्याकडचा नेहमीचा प्रकार. गावात त्याला 'सहल' म्हणतात. त्यामुळे बाई दुसऱ्या गटाच्या सहलीत असणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती. त्यातच ठाण्यात निनावी फोन आला, की त्या गटाची गाडी अक्कलकोटजवळच्या एका लॉजवर लागली आहे. म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. स्टेशन डायरीला नोंद करून आमचे साहेब, हवालदार आणि मी निघालो.

लॉजवर गटाचे पुढारी भेटले. गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. साहेबांनी विचारलं, "बाई तुमच्याकडे आहेत?"

"हायत की! सुखरूप हायत," चेअरमन मोठ्यानं म्हणाले. मागे व्हरांड्यात त्यांचे सदस्य कान देऊन बसले होते.

"बोलवा त्यांना."

"झोपल्यात."

"दुपारी बाराला?" हवालदार म्हणाले.

"मग पूजेला बसल्या असतील."

"झोपेतनंच बसल्या का हो चेअरमन?"

सदस्य हसले. चेअरमन हसले नाहीत. मी व्हरांड्यातल्या चपला बघत होते. सगळ्या पुरुषांच्या होत्या. मी हळूच साहेबांना ते दाखवलं. साहेबांनी चेअरमनना खोलीत नेलं, दार लावलं आणि अपहरणाचा गुन्हा म्हणजे काय ते नीट समजावून सांगितलं. चेअरमन खाटेवर बसले ते एकदम लहान दिसायला लागले.

"साहेब, खरं सांगू? बाई आमच्याकडं न्हाईत. मला वाटलं मेंबरच्याच गटानं लपवून ठेवल्यात आन् आमच्यावर बालंट आणलंय. पण तेवढं भाईर बोलू नका. नववं मत आपल्याकडं हाय म्हणून ही मानसं गाडीत बसल्यात. कळलं तर सगळी उतरून जातील की!"

स्वतःवर गुन्हा ओढवून घेईल, पण आपल्याकडे मत नाही हे कबूल करणार नाही, असा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.  परतीच्या वाटेवर साहेब म्हणाले, "दोन्ही गटांकडं नाही. मग बाई गेली कुठं?" या वेळी त्यांच्या आवाजात काळजी होती. ती मलाही वाटत होती. विहिरी, कालवा, असं सगळं मनात येत होतं.

बाईंच्या माहेरी बागायतदार पुढाऱ्याची माणसं आमच्या आधीच जाऊन आली होती. त्यांनी कडब्याची गंजसुद्धा उपसून पाहिली होती. बहिणीचं घर, मामाचं घर, अकलूजची मैत्रीण, सगळीकडे आम्ही शोधलं. कुठेच पत्ता नाही.

तेव्हा मला म्हातारीचं ते वाक्य आठवलं. सून हरवली असताना ती घाबरलेली नव्हती. म्हणजे तिला काहीतरी माहीत होतं. साहेबांना विचारून मी एकटीच त्या घरी गेले. म्हातारी अंगणात शेंगा फोडत होती. मीही शेजारी बसून फोडायला लागले. काय विचारायचं ते मला सुचत नव्हतं, आणि ते बरंच झालं. गप्प बसलं की माणसं आपण होऊन बोलतात.

"तुला येतंय की," म्हातारी म्हणाली. "शेरातल्या पोरींची नखं दुखत्यात."

"दुखतायत," मी म्हटलं.

ती हसली. मी अंगणाकडे बघत होते. सगळ्यांनी सुनेचं माहेर पालथं घातलं होतं. अडचणीत सापडलेली बाई माहेरी जाते, हे सगळ्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं, की पुढचा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. मी विचारला.

"आजी, तुमचं माहेर कुठलं?"

तिचा हात थांबला. "माझं? माझं म्हायेर कोन इचारतंय आता? माज्या पोरालाबी धड ठावं न्हाय." मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "कुर्डुवाडीला भन हाय. तिचा मालक रेल्वेत व्हता. तू एकलीच जा. पोरगी बिनघोर हाय तितं. पर तिला वडून आनू नगंस, लेकी. घरात दोन येळा मार खाल्लाय तिनं ह्या मतापायी."

पत्ता तिनं माझ्या कानाशी वाकून सांगितला होता, मारहाणीचं मात्र मोठ्यानं बोलली. तिचा मुलगा घरातच होता. तो ऐकेल याची तिला पर्वा दिसली नाही.

बाई कुर्डुवाडीच्या त्या छोट्या घरात तूरडाळ निवडत होत्या. मला गणवेशात बघून उठल्या आणि चष्मा सारखा केला. पळून आलेल्या माणसासारख्या त्या दिसत नव्हत्या. पाहुणीसारख्या होत्या.

"सासूबाईंनी सांगितलं?"

"हो."

"मग ठीक हाय."

त्यांचा जबाब मी तिथेच लिहून घेतला. त्या स्वखुशीनं आल्या होत्या. कुणी पळवलं नव्हतं. मारहाणीची तक्रार द्यायची का, विचारलं. "शुक्रवार झाल्यावर," त्या म्हणाल्या. "आधी दिली तर म्हणतील, बाईला दुसऱ्या गटानं शिकवलं. मला कुणाच्याच गाडीतनं जायचं न्हाय, मॅडम. एकदा तरी माज्या पायानं सभेला जायचंय."

मी पोलीस बंदोबस्त देऊ केला. त्या विचार करून म्हणाल्या, "गाडी नको. तुमच्या गाडीतनं उतरले तर लोक म्हणतील, पोलिसांनी आणली. मी एसटीनं येते. तुमी दारात उभ्या ऱ्हावा फक्त."

शुक्रवारी त्या खरंच एसटीनं आल्या. दोन्ही गटांच्या गाड्या पंचायतीपुढे उभ्या होत्या आणि त्यांच्या मधून हातात पिशवी घेऊन त्या चालत आल्या. मी दारात होते. मतदान गुप्त झालं. कुणाला मत दिलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि दोन्हीकडची मतं फुटल्याची कुजबुज असल्यामुळे जिंकलेला गटही ठामपणे सांगू शकला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी नवऱ्याविरुद्ध तक्रार दिली. साक्षीदार म्हणून सही केली ती सासूनं.

बेपत्ता माणूस सापडला की तो घरच्यांच्या ताब्यात द्यायचा, इतकंच मी तोवर शिकले होते. या दोघींमुळे कळलं, की सज्ञान बाई सुखरूप आहे याची खात्री झाली की आमचं शोधायचं काम संपतं. तिला कुठे जायचं ते ती ठरवते. नियमात हे होतंच. पण तो नियम पाळायला माणसं समोर उभी असताना तोंड उघडावं लागतं, आणि मला ती वेळ सभेच्या आदल्या दिवशी आली.

कुर्डुवाडीहून परतले तर ठाण्यात मेंबर आणि ते बागायतदार पुढारी बसलेले. बाई सापडल्याची कुणकुण त्यांना लागली होती. पुढाऱ्यांच्या हातात फोन होता. "वर बोलायचं का साहेब?" असं ते हसत हसत विचारत होते. साहेब त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते. तपास माझ्याकडे होता.

"कुटं हाय ती?" मेंबर टेबलावर हात आपटून म्हणाले. "पत्ता सांगा. मी नवरा हाय तिचा!"

हवालदारांनी लिहिणं थांबवलं.  या वेळी मी मनात वाक्य जुळवत बसले नाही.

"तुम्ही नवरा आहात, पण सदस्य त्या आहेत. त्या सुखरूप आहेत आणि पत्ता सांगू नका म्हणाल्यात. मी सांगणार नाही."